ट्रेलर कॅम्पिंगमध्ये सामान सारखं गायब होतंय : हरवलं, सांडलं की चोरीला गेलं?

ट्रेलर म्हणजे इथे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

- प्रत्येक मुक्कामानंतर एखाद-दुसरी बारीक वस्तू कमी भरते: चाकाखालची पाचर, लेव्हलिंगचा (ट्रेलर समपातळीत आणायचा) ठोकळा, पाण्याच्या नळाला लावायचा प्रेशर रेग्युलेटर, मैलापाण्याच्या नळीचं टोपण, हिच (गाडी-ट्रेलरची जोडणी) पिनची क्लिप.
- नव्या मुक्कामावर पोचल्यावर बाहेरच्या कप्प्याचं दार उघडं किंवा लोंबकळत असतं, किंवा दार बंद असूनही आतलं सामान कमी असतं.
- रात्री बाहेर राहिलेली एखादी महागडी वस्तू सकाळी नसते: जनरेटर, सायकल, कूलर, गॅसचं सिलिंडर, पुढच्या दांड्यावरची बॅटरी.
- कुलूप शाबूत, कुठे ओरखडाही नाही, पण कप्पा रिकामा.
- ट्रेलर महिना-दोन महिने नुसता उभा होता आणि त्या काळात काहीतरी गेलं.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा विसराळूपणाचं असतं, दुसरं सैल दाराचं. चोरीचा संशय खरा धरावा तो तिसऱ्यापासून पुढे. तरी लोक तिन्ही दुखण्यांवर एकच औषध घेतात, मोठं कुलूप. मागे राहिलेल्या रेग्युलेटरला कुलूप काय करणार?

खुणा वाचा, मग ठरवा

चोर अर्धी जोडी नेत नाही. चार पाचरांतली एक, सहा ठोकळ्यांतले दोन, हातमोज्यातला डावा असं काही गेलं असेल तर ते हरवलंय. चोराला लगेच विकता येईल असं आणि एका माणसाला उचलता येईल असं हवं असतं. दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर साधारण २० ते २२ किलोचा असतो, वर धरायला मूठही असते. तो या यादीत नेहमीच पहिला.

साखळी किंवा केबल तुटली असेल तर तुटलेलं टोक जवळून बघा. बोल्ट कटरने तुटलेल्या कडीची दोन्ही टोकं चिमटून चपटी, पाचरीसारखी झालेली असतात. ग्राइंडरने कापलेलं टोक सरळ आणि चकचकीत असतं, कडेला कधी निळसर झाक आणि आसपास काळी बारीक भुकटी. हातातल्या कटरने कापलेल्या केबलच्या सगळ्या तारा जवळपास एका रेषेत संपतात. झिजून तुटलेल्या केबलच्या तारा मात्र झाडूसारख्या लहान-मोठ्या सुटलेल्या असतात, आणि तसं असेल तर तुमची सायकल चोरीला गेलेली नसून मागे कुठेतरी रस्त्याकडेला पडलेली असण्याची शक्यता जास्त.

टोकं दिसताहेत, पण कुणी कापलं हे कळलं नाही, तर हात लावण्याआधी फोटो काढा. नंतर ते लागतील.

१. पंधरा मिनिटांची फेरी (खर्च काही नाही)

आरडाओरडा करण्याआधी ही फेरी मारायचीच. ट्रेलरभोवती दोनदा फिरा, दुसऱ्यांदा उलट्या दिशेने. एकाच दिशेने फिरताना चाकामागची आणि पायरीमागची बाजू दोन्ही वेळा डोळ्याआड राहते. मग वाकून ट्रेलरखाली बघा, स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर असेल तर त्याच्या खालीही. रात्री वारा होता का? असेल तर तो ज्या दिशेला वाहत होता त्या दिशेच्या झुडपांत आणि कुंपणाला चटई, खुर्चीची पिशवी, टॉवेल, रिकामी बादली सापडतात. खाण्याचा वास असलेली वस्तू गेली असेल तर जनावराचा संशय आधी घ्या. माणूस कूलर उचलून नेतो, जनावर तो जागेवर उलथवतं किंवा फरपटवत नेतं. जमिनीवर ओढल्याची खूण दिसते.

ओढणाऱ्या गाडीत बघा. ट्रेलरच्या आत ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागे बघा, कारण प्रवासात धक्क्यांनी सपाट वस्तू ड्रॉवरच्या पाठीवरून मागच्या पोकळीत उतरतात.

शेजारच्या जागेवर सौम्यपणे विचारायला हरकत नाही, पण तेही "आमचे दोन पिवळे ठोकळे तुमच्यात मिसळलेत का, जरा बघता का?" इतक्याच सुरात. ठोकळे, पाचरा आणि पाण्याच्या नळ्या सगळ्यांकडे सारख्याच असतात आणि आवरताना चुकून एकमेकांच्या पेटीत जातात. तुमच्या वस्तूंवर खूण नसेल तर यावर वाद घालून उपयोग नाही.

मग मुक्कामाच्या कार्यालयात चौकशी करा, इथल्याही आणि मागच्याही. मागच्या मुक्कामाला कळवताना जागेचा क्रमांक, निघाल्याची वेळ आणि वस्तू नेमकी कशाला लावलेली होती ते सांगा. "रेग्युलेटर राहिला" यापेक्षा "१४ नंबरच्या नळावरच राहिला असेल, पितळी आहे, बोटभर लांब" असं सांगितलं तर कोणीतरी जाऊन बघतं.

२. मागे राहणाऱ्या वस्तू : त्या त्याच का असतात

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त सामान याच वाटेने जातं आणि दुरुस्ती फुकट आहे.

मागे राहणाऱ्या वस्तूंची यादी केली तर एक गोष्ट लगेच दिसते. प्रत्येक जोडणीला दोन टोकं असतात, एक ट्रेलरकडचं, एक जागेकडचं. जे जागेकडच्या टोकाला लागलेलं असतं ते मागे राहतं. पाण्याची नळी आपण रेग्युलेटरपासून सोडवतो, रेग्युलेटर नळावर तसाच राहतो. विजेची केबल अ‍ॅडॉप्टरमधून किंवा सर्ज प्रोटेक्टरमधून (विजेच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण) उपसतो, तो जागेवरच्या विजेच्या खांबावर लटकत राहतो. मैलापाण्याच्या नळीचं कोपर जमिनीतल्या तोंडात अडकून राहतं. पलीकडच्या बाजूच्या चाकाची पाचर राहते, कारण आपण अलीकडून चढतो. जॅकखालची फळी चिखलात रुतून मातीच्या रंगाची होते. झाडाला टांगलेला दिवा आणि कपड्यांची दोरीही राहते, कारण आवरताना आपण खाली बघत असतो.

म्हणून सोडवण्याचा क्रम उलटा करा. आधी जागेकडचं टोक सोडवायचं, मग ट्रेलरकडचं. रेग्युलेटर नळीलाच कायमचा घट्ट बसवून ठेवा आणि काढताना नळाजवळचीच आटी फिरवा. विजेच्या बाबतीत आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग खांबाकडचा प्लग, मग ट्रेलरकडचा. यात वस्तूही वाचते आणि हातात जिवंत केबलही येत नाही.

दुसरं, आणि सगळ्यात गुणकारी: निघताना ट्रेलर दहा-पंधरा मीटर पुढे घ्या, थांबा, उतरा आणि रिकाम्या जागेवर चालत परत या. ट्रेलर उभा असतो तोवर त्याच्या खालची आणि पलीकडची जमीन तो स्वतःच झाकतो. हलला की पाचर, फळी, टोपण सगळं उघड्यावर येतं. चालताना एकदा खाली आणि एकदा डोक्याच्या वर बघायचं. दोन मिनिटं लागतात. ज्यांनी ही सवय लावली त्यांची "चोरी" बऱ्यापैकी थांबते.

तिसरं म्हणजे क्रमांक. चार पाचरा असतील तर त्यांवर रंगाने मोठं १/४, २/४, ३/४, ४/४ लिहा. नुसती "पाचरा" अशी यादी असली की तीन दिसल्या तरी मन समाधानी होतं. क्रमांक असेल तर "३/४ कुठेय?" असा प्रश्न आपोआप पडतो. रंग भडक घ्या, काळा-करडा-हिरवा नको. पेटी पूर्ण भरलेली असतानाचा फोटो झाकणाच्या आतून चिकटवला की यादी वाचायचीही गरज राहत नाही.

आणि "दोन मिनिटं ठेवतो" या जागा बंद करा: मागचा बंपर, गाडीचं टेलगेट, सिलिंडरवरचं झाकण, बॅटरीचा डबा. हिच जोडताना पिन आणि क्लिप हमखास यांपैकी एका जागी ठेवली जाते आणि पहिल्याच वळणावर पडते. क्लिप पिनला छोट्या साखळीने किंवा पातळ तारेच्या दोरीने बांधूनच टाका.

३. रस्त्यात सांडणारं सामान

बाहेरच्या कप्प्याचं दार बंद करून किल्ली फिरवा. आता चारही कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबा, मग कडेला बोटं घालून ओढा. दार दोन-तीन मिलिमीटर हलत असेल तर प्रवासात ते सतत ठोके खात असतं. पुढची चाचणी कागदाची. कागदाची पट्टी रबरी गॅस्केट आणि दाराच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. सरकन निघून आली तर रबर दबून बसलंय किंवा आतली कॅम पट्टी पुरेशी आवळत नाही.

कॅम पट्टी म्हणजे किल्ली फिरवल्यावर दाराच्या आत ९० अंशांत वळणारी छोटी लोखंडी जीभ. ती एका नटावर किंवा स्क्रूवर बसलेली असते आणि तो कंपनांनी ढिला होतो. जीभ थोडी थोडी फिरत जाते, किल्ली "बंद" दाखवते, पण जिभेचं टोक चौकटीच्या कडेवर नुसतं टेकलेलं असतं. नट आवळा, आटीवर मध्यम ताकदीच्या, म्हणजे निळ्या थ्रेडलॉकरचा (आटी घट्ट धरून ठेवणारा द्राव) एक थेंब लावा. लाल लावू नका, पुढे जीभ बदलायची वेळ आली की तो नट तापवल्याशिवाय सुटत नाही. तरीही सैल वाटलं तर जीभ पक्कडीत धरून आतल्या बाजूला किंचित वाकवा. रबर सपाट झालं असेल तर मात्र वाकवत बसू नका, रबरच बदला, कारण सैल रबरातून पाणी आत जातं आणि मग आतली फळी फुगते.

दाराला आतून ढकलणारं सामान हेही एक कारण. अवजारांची पेटी वळणावर घसरून दारावर आपटत राहिली तर चांगली कॅमही सुटते. जड वस्तू पट्ट्याने जमिनीच्या कड्यांना बांधा. मात्र सोय म्हणून सगळं जड मागे हलवू नका. पुढच्या दांड्यावर ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार राहिला पाहिजे. मागे वजन गेलं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि सामान वाचवता वाचवता भलतंच ओढवतं.

चौकोनी पोकळ बंपरमध्ये मैलापाण्याची नळी ठेवण्याची सोय अनेक ट्रेलरना असते. त्याची प्लॅस्टिकची टोपणं उन्हाने कडक होऊन पडतात आणि मागोमाग नळी. टोपण आणि बंपर दोन्हीतून आरपार भोक पाडून पिन घाला. इलास्टिकची दोरी काही महिन्यांत ढिली पडते. मागे टांगलेलं जादा चाकही प्रत्येक प्रवासाआधी हाताने हलवून बघा. बंपरची पातळ भिंत वेल्डजवळ तडकलेली दिसली तर चाक लगेच तिथून काढा.

४. कुलूप शाबूत, कप्पा रिकामा

हे चौथं लक्षण लोकांना जादूटोण्यासारखं वाटतं. कारण अगदी साधं आहे. तुमच्या कप्प्याच्या किल्लीवरचा क्रमांक वाचा. तिथे सीएच ७५१ असं कोरलेलं असेल तर तुमच्याकडची किल्ली शेजाऱ्याच्या कप्प्यालाही लागते आणि त्याची तुमच्या. अनेक उत्पादक वर्षानुवर्षं कप्प्यांना हेच कुलूप लावत आलेत. ही किल्ली कोणालाही सहज विकत मिळते. म्हणजे ते कुलूप दार वाऱ्याने उघडू नये यासाठी आहे, चोरासाठी नाही.

बदलणं सोपं आहे आणि स्क्रू-ड्रायव्हर व पान्यापलीकडे काही लागत नाही. जुनं कुलूप काढून तीन मापं घ्या: दाराच्या बाहेरच्या चकतीच्या मागून मोजलेली नळीची लांबी (५/८, ७/८ आणि १ १/८ इंच ही नेहमीची), भोकाचा व्यास (बहुधा ३/४ इंच, दोन बाजू सपाट) आणि जिभेची लांबी. जुनी जीभ नव्या कुलपाला बसते का हेही बघा. गोल नळीसारख्या किल्लीची, सगळी एका किल्लीने उघडतील अशी जुळवलेली कुलपं घ्या. प्रत्येक दाराला वेगळी किल्ली ठेवलीत तर आठवड्याभरात तुम्हीच दार उघडं ठेवायला लागाल.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. कप्प्याचं दार पातळ पत्रा आणि फोमचं असतं, चांगलं कुलूप लावलं तरी ते पहारीने उचकटता येतं. ते कुलूप हात घालून बघणाऱ्याला थांबवतं, हत्यार घेऊन आलेल्याला नाही. म्हणून किमती वस्तू कप्प्यात नको. जादा किल्ली चुंबकी डबीत घालून बंपरखाली किंवा सिलिंडरच्या झाकणाखाली ठेवणं तर सोडूनच द्या. हात तिथेच आधी जातो.

५. बाहेर राहणारं सामान बांधणं

झोपण्याआधी आत घेता येईल ते आत घ्या. यापेक्षा स्वस्त कुलूप नाही. अडचण येते ती जनरेटर, सायकली, सिलिंडर आणि बॅटरीची.

जनरेटर राहत्या जागेत आत आणू नका, गार झालेला असला तरी. टाकीत पेट्रोल असतं आणि त्याची वाफ बंद खोलीत साचते. चालू असताना तो खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर लांब आणि धूर पलीकडे जाईल असा हवा. चोरीच्या भीतीने तो दाराच्या पायरीशी ठेवणं ही जिवावरची चूक आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून साखळीच तेवढी लांब घ्या, रात्री तो बंद करा आणि गार झाला की गाडीच्या मागच्या बंद भागात हलवा.

साखळी १० मिलिमीटरची, कडक पोलादाची, शक्यतो चौकोनी कड्यांची. जस्ताचा मुलामा दिलेली साधी साखळी ६०० मिलिमीटरच्या बोल्ट कटरपुढे टिकत नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनातली केबल खुर्च्या आणि नळ्यांपुरती ठीक. कुलपाचा आकडाही १० मिलिमीटरच्या आसपासचा आणि खांद्यांनी झाकलेला असावा, नाहीतर साखळी सोडून आकडाच कापतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. कटरची एक मूठ जमिनीला टेकवून दुसरीवर अंगाचा भार टाकला की ताकद कितीतरी वाढते, अधांतरी ताणलेल्या साखळीवर तसा भार देता येत नाही.

बांधायचं कुठे? पुढच्या त्रिकोणी दांड्याला किंवा चासीच्या मुख्य तुळईला. पायरी, मागची शिडी, आधाराचे जॅक आणि बंपर ही सगळी दोन-चार बोल्टांवरची कामं आहेत. मुक्कामावरचं लाकडी टेबलही चालत नाही, त्याचा पाय उचलून साखळी खालून काढता येते. जनरेटरच्या प्लॅस्टिकच्या मुठीतून साखळी ओवू नका, मूठ मोडली की झालं. आतल्या धातूच्या चौकटीला कडी बसवायची सोय असते ती वापरा.

सिलिंडर मधल्या उभ्या सळईवर एका विंग नटने आवळलेले असतात. तो नट हाताने फिरतो, म्हणजे चोरालाही हत्यार लागत नाही. किल्लीने फिरणारा किंवा कुलूप ओवता येणारा नट मिळतो. एकच पथ्य, सिलिंडरची तोटी कुलूप न काढता हाताने बंद करता आली पाहिजे. झाकणालाच कुलूप ठोकून तोटी कोंडलीत आणि आत कुठे गॅस गळायला लागला, तर किल्ली शोधायला वेळ नसतो. सर्ज प्रोटेक्टरला खांबाशी कुलूप लावणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. ब्रेकर झाकला जाता कामा नये.

बॅटरीच्या प्लॅस्टिक डब्याचा पट्टा चाकूने कापतात. लिथियम बॅटरी पुढच्या दांड्यावर उघडी ठेवणं म्हणजे आमंत्रणच. चासीला आतून बोल्ट केलेला पोलादी डबा चालतो, पण ज्यातून वायू सुटतो अशा शिसं-आम्ल बॅटरीसाठी त्याला हवेची भोकं हवीत.

६. अख्खा ट्रेलरच

गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरच्या कपलरमध्ये (गाडीच्या जोडणीच्या गोळ्यावर बसणारं तोंड) कुलूप हवं, आणि ते तुमच्या गोळ्याच्या मापाचं हवं: १ ७/८, २ किंवा २ ५/१६ इंच. लहान मापाचं कुलूप मोठ्या कपलरमध्ये खेळतं आणि हातोड्याच्या दोन घावांत निसटतं. पण नुसत्या कपलरच्या कुलपावर विसंबू नका. सुरक्षेच्या साखळ्या दुसऱ्या गाडीला गुंडाळून ट्रेलर थोडं अंतर ओढून नेता येतो. त्यासाठी चाकाचं कुलूप. चाकाच्या खाचेतून आरपार जाणारं घ्या, नुसतं टायरला मिठी मारणारं टायरची हवा काढली की सैल होतं. आणि ते लावलंत की लगेच स्टिअरिंगला लाल फीत बांधा. विसरून गाडी हलवली तर टायर, फेंडर आणि कधी ब्रेकच्या वायरीही जातात.

गाडीच्या रिसीव्हरमधलं (मागची चौकोनी नळी) बॉल माउंटही, म्हणजे गोळा बसवलेला दांडाही, जातो. २ इंची रिसीव्हरला ५/८ इंचाची, १ १/४ इंचीला १/२ इंचाची कुलूपवाली पिन लागते. मोठ्या भोकात बारीक पिन घालून वेळ मारून नेऊ नका, ती ओढताना वाकते.

७. ट्रॅकर, दिवा, अलार्म

ब्लूटूथ टॅग स्वतः कुठेही संदेश पाठवत नाही, आसपासच्या फोनच्या जिवावर तो दिसतो. माणसांच्या वर्दळीत छान, आडरानात जवळपास मुका. धातूच्या डब्यात ठेवला तर आणखी मुका. त्यात बहुधा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल असतो, वर्षाकाठी बदलायचा. एअरटॅगमध्ये मुलांनी गिळू नये म्हणून कडू थर दिलेले सेल काही वेळा नीट टेकत नाहीत, तेव्हा सेल बदलल्यावर आवाज वाजवून खात्री करा. पाठलाग रोखण्यासाठी हे टॅग काही काळाने अनोळखी फोनवर सूचना देतात, म्हणजे चोरालाही कळू शकतं.

जीपीएस ट्रॅकरला मोबाइल नेटवर्क लागतं आणि वीजही. उभ्या ट्रेलरमध्ये तो कसा मरतो ते बघा. गॅस डिटेक्टर साधारण ०.१ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ अँपिअर-तास. शिसं-आम्लाच्या १०० अँपिअर-तासांतले निम्मेच वापरावेत, म्हणून शहाणे लोक ट्रेलर उभा करताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करतात. त्याच क्षणी ट्रॅकरही बंद पडतो. २० मिलिअँपिअरचा ट्रॅकर महिन्याला जेमतेम १५ अँपिअर-तास घेतो. त्याची वायर मुख्य स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीवरून, बॅटरीलगत स्वतःचा १ ते ३ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्या. तेवढं पुरतं.

हालचालीने लागणारा दिवा खाली जमिनीकडे वळवा. शेजाऱ्याच्या खिडकीत रात्रभर लुकलुकणारा दिवा कोणीतरी स्वतःच बंद करून जातो.

चोरीची तयारी घरीच

सिरियल नंबरांचे फोटो, ट्रेलरच्या १७ अक्षरी व्हीआयएनचा (वाहन ओळख क्रमांक) फोटो, आणि जनरेटर-बॅटरीवर सहज न खरवडता येणारी कोरीव खूण. एक खूण दिसेल अशा जागी, दुसरी झाकणाच्या आत. सापडलेली वस्तू तुमचीच आहे हे याशिवाय सिद्ध करता येत नाही. विमा पत्रात हेही बघा की ट्रेलरचं संरक्षण आत-बाहेरच्या सुट्या सामानाला लागू आहे का. अनेकदा ते वेगळं असतं.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

*दार उचकटलेलं दिसलं :* आत जाऊ नका, आत कोणी असू शकतं. लांब जाऊन पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत कडी, चौकट, पायरी कशालाच हात नको.

*ट्रॅकर एखाद्याच्या आवारात दिसतोय :* तिथे स्वतः जायचं नाही. ठिकाण आणि सिरियल नंबर पोलिसांना द्या.

*सिलिंडर गेलं :* उघड्या नळीच्या तोंडात माती, पाणी, किडे जातात. नळी खेचून कापली असेल तर रेग्युलेटरवरही ताण आलेला असतो. जोड साबणाच्या पाण्याने तपासता येतात, पण नळी कापलेली असेल, बुडबुडे दिसले किंवा वास आला तर तोटी बंद करून गॅसच्या तंत्रज्ञाकडेच द्या.

*चासीला कडी वेल्ड करायची आहे :* घरच्या मशीनवर नको. तुळईच्या चुकीच्या जागी वेल्ड किंवा भोक पाडलं तर तडा तिथूनच सुरू होतो. ट्रेलरच्या चासीचं काम करणाऱ्याकडे जा.

*कुलूप अडकलं :* ग्रॅफाइटची भुकटी टाकून एकदा प्रयत्न करा. किल्ली पिळवटायला लागली की थांबा. आत तुटलेली किल्ली काढायला कुलूपवाला अर्धा तास घेईल, तुम्ही सगळं दार बिघडवाल.

*बॅटरी गेली :* हे सगळ्यात कमी लक्षात येतं. बाहेरची वीज जोडलेली असेल तर आतला कन्व्हर्टर (बाहेरची वीज १२ व्होल्टची करणारं उपकरण) चालूच राहतो आणि कापलेल्या वायरींच्या टोकांवर १२ व्होल्ट असतात. आधी बाहेरची वीज तोडा, मग टोकं वेगवेगळी टेपने झाका. त्याहून महत्त्वाचं, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर चालतो. बॅटरीशिवाय ट्रेलर ओढून नेऊ नका, "जवळच तर जायचंय" म्हणूनही नाही. नवी बॅटरी बसवली आणि वायरी कापलेल्या होत्या तर त्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. मग गाडीचा प्लग काढून ब्रेकअवेची पिन ओढा, ट्रेलर किंचित हलवून चाकं अडतात का ते बघा आणि काही सेकंदांतच पिन परत घाला. चाकं फिरली तर ब्रेकचं काम करणाऱ्याला जागेवर बोलवा.